हवेतल्या बिंदूभोवती फिरणारं चाक

दार बिजागरीभोवती फिरतं. बिजागरी दिसते, हाताला लागते, कुरकुरली तर तिच्यात तेल सोडता येतं. आता असं एक चाक डोळ्यांसमोर आणा, जे दगडावरून जाताना वर-खाली होतं, तेही एका बिंदूभोवतीच फिरतं, पण त्या बिंदूवर काहीच नसतं. खिळा नाही, नट नाही, धातूचा कण नाही. तो बिंदू पेडलच्या पुढे कुठेतरी मोकळ्या हवेत असतो आणि चाक बोटभर वर चढलं की तोही आपली जागा बदलतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या अनेक उत्तम माउंटन बाइक या अदृश्य बिंदूच्या जोरावर चालतात. अशा दोन सायकलींतून एक निवडायची वेळ आली, तर रंग, वजन आणि किंमत यांच्या आधी हा बिंदू समजून घ्यावा. तो समजला की निवड सोपी होते आणि सायकलीकडे बघण्याची नजरच बदलते.

निवडीसाठी गाव कोणतं घ्यायचं? मी चंदीगड घेतो. या शहराच्या वेशीवर डोंगर उभा आहे, आणि तो डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा अजिबात नाही.

सपाट शहर, सैल डोंगर

ले कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने चंदीगडचे रस्ते प्रतवारी लावून आखले, व्ही-1 पासून व्ही-7 पर्यंत. पुढे सायकलींच्या मार्गासाठी व्ही-8 ही आणखी एक प्रत त्यात आली. 1200 मीटर लांब आणि 800 मीटर रुंद सेक्टर, सरळ रेषेतले रस्ते, झाडांची सावली. समुद्रसपाटीपासून साधारण 320 मीटरवर वसलेलं हे शहर कुठल्याही साध्या सायकलीवर आरामात पालथं घालता येतं. पण ईशान्येला सुखना तलावापाशी शहर संपतं आणि तलावाच्या मागे शिवालिक सुरू होतो. तिथून मोरनी सुमारे 1200 मीटर उंचीवर, कसौली सुमारे 1900 मीटरवर. दोन्ही ठिकाणं सकाळी निघून गाठता येतील इतकी जवळ.

सह्याद्रीचा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला बेसॉल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं जुना आणि पोलादासारखा कणखर. शिवालिक मात्र नद्यांनी घडवला. वर येणाऱ्या हिमालयातून वाहून आलेली वाळू, माती आणि गोटे पायथ्याशी साचत गेले, काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत साचतच राहिले, आणि मग तो गाळच वर उचलला जाऊन त्याच्या टेकड्या झाल्या. चंदीगडजवळच्या पिंजोरच्या नावाने त्यातला एक थर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. शिवालिकच्या खडकांत नामशेष हत्तींचे जीवाश्म सापडतात आणि त्यांतल्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे स्टेगोडॉन गणेसा. या टेकड्यांतल्या पायवाटेवरून चाक जातं तेव्हा त्याच्याखाली एका जुन्या नदीचं पात्र असतं, गोल गोटे आणि त्यांना जेमतेम धरून ठेवणारी माती.

ही माती किती सैल आहे याचा पुरावा खुद्द सुखना तलाव देतो. 1958 मध्ये सुखना चो या पावसाळी ओढ्यावर बांध घालून तो तयार झाला, आणि काही दशकांतच त्याची निम्म्याहून जास्त क्षमता गाळाने भरली. तो गाळ उपसायला चंदीगडचे नागरिक वर्षानुवर्षं श्रमदान करत आले. गाळ येतो कुठून हे शोधत पी. आर. मिश्रा हे मृदसंधारण शास्त्रज्ञ 1970 च्या दशकात पाणलोटातल्या सुखोमाजरी गावी पोचले. टेकड्यांवरची चराई थांबवायची आणि त्या बदल्यात छोट्या बंधाऱ्यांचं पाणी गावाला द्यायचं, हा तिथला प्रयोग देशभरातल्या पाणलोट कार्यक्रमांसाठी धडा ठरला. तलाव भरून टाकणारी तीच माती आपल्या टायरखालून निसटते. इथे चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि उतारावर पुढचं चाक गोट्यांवरून घसरतं. म्हणून चंदीगडच्या माणसाने सायकल निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो पकडीचा: चाक जमिनीला चिकटून राहतं का?

एकाच डोंगररांगेच्या दोन बाजू

निवडीसाठी दोन नावं घेऊ. एक स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजम्पर 15, दुसरी सांताक्रूझ कंपनीची हायटॉवर. स्टंपजम्परचं मागचं चाक 145 मिलिमीटर वर-खाली होतं, हायटॉवरच्या ताज्या आवृत्तीचं 150. बहुतेक मापांत दोन्हींची चाकं 29 इंची. कागदावर बघितलं तर दोघी जुळ्या बहिणी वाटतात.

दोन्ही कंपन्या कॅलिफोर्नियाच्या. सांताक्रूझ डोंगररांगेच्या एका अंगाला मॉर्गन हिल हे गाव आहे, तिथे स्पेशलाइज्ड. दुसऱ्या अंगाला समुद्रकाठी सांताक्रूझ शहर. माउंटन बाइकचा जन्मही त्याच राज्यातला. 1976 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टेकड्यांवर काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली उतारावर सोडून शर्यत लावली. त्या सायकलींच्या मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. पाच वर्षांनी, 1981 मध्ये, स्पेशलाइज्डने स्टंपजम्पर बाजारात आणली, मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली माउंटन बाइक. त्या पहिल्या पिढीतली एक आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवली आहे. सांताक्रूझ कंपनी 1990 च्या दशकातली. तिची पहिली सायकल टाझमन, आणि ती पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे सस्पेन्शन घेऊनच आली.

सस्पेन्शन फक्त उतारावर आराम मिळावा म्हणून असतं, हा समज बराच काळ टिकला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो मोडला. क्रॉस-कंट्री शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर होता आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर ताठ फ्रेमच्या सायकलीवर. सुवर्णपदक कुल्हावीने नेलं. चार वर्षांनी रिओत शुर्टरने सुवर्ण जिंकलं, तेव्हा मागचं सस्पेन्शन त्याच्याही सायकलीला होतं. चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यतीत, जिथे सेकंदांवर पदक ठरतं, तिथे चाक जमिनीला चिकटून राहण्याचं मोल असं सिद्ध झालं.

चार दांड्यांची किमया

चाक वर-खाली व्हायला हवं, पण डुलायला, तिरकं व्हायला नको. यावरचा उपाय सायकलीच्या जन्माआधीचा आहे. जेम्स वॉटने 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी दांड्या जोडून अशी रचना केली की फिरणाऱ्या भागांतून जवळजवळ सरळ रेषेतली हालचाल मिळावी. आपल्या सगळ्या शोधांत त्याला याच रचनेचा सर्वात जास्त अभिमान होता. चार दांड्या, चार सांधे. एक दांडी स्थिर, दोन तिला जोडलेल्या आणि चौथी त्या दोघींना सांधणारी. या चौथ्या दांडीवरचा कुठलाही बिंदू हलू लागला की तो साधं वर्तुळ काढत नाही. दांड्यांच्या लांब्या थोड्या बदलल्या की त्याची वाट बदलते.

आपल्या दोन्ही सायकली म्हणजे हीच चार दांड्यांची यंत्रणा. पहिली दांडी सायकलीची मुख्य फ्रेम. फरक उरलेल्या तीन दांड्यांत आहे.

स्टंपजम्परमध्ये हॉर्स्ट लिंक असते. मोटरसायकल शर्यतींतून आलेले ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते हॉर्स्ट लाइटनर यांची ही कल्पना. पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी चाकाच्या आसापर्यंत पोचण्याआधी थोडी अलीकडे तोडली आणि तिथे एक सांधा बसवला. एवढ्याने चाकाचा आस आणि ब्रेक दोन्ही चौथ्या दांडीवर गेले. आता ब्रेक दाबला तर त्याची ओढ सस्पेन्शनला फारशी आवळत नाही, चाक दगडांवर मोकळेपणाने नाचत राहतं. स्पेशलाइज्डने 1998 मध्ये या रचनेचं पेटंट विकत घेतलं. त्या पेटंटची मुदत संपेपर्यंत अमेरिकेत इतर कंपन्यांना परवाना तरी घ्यावा लागे, नाही तर दुसरी वाट शोधावी लागे. सांध्याची जागा दोन-तीन बोटं पुढे की मागे, एवढ्यावर एका उद्योगाची वर्षं खर्च झाली.

हायटॉवरमध्ये व्हीपीपी (व्हर्च्युअल पिव्हट पॉइंट) ही रचना. इथे मागचा सगळा त्रिकोण एकसंध, ताठ असतो आणि तोच चौथी दांडी बनतो. त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या दोन दांड्या तळहाताहून लहान, एक वर आणि एक खाली, आणि त्या परस्परांच्या उलट दिशेने फिरतात. चाक वर येताना एक घड्याळाच्या दिशेने, दुसरी विरुद्ध दिशेने. त्यामुळे चाकाचा आस आधी किंचित मागे सरकतो आणि मग वर जाऊन पुढे वळतो. दगड चाकाला मागे ढकलतो तेव्हा चाकही त्याच्या कलाने थोडं मागे जातं. सांताक्रूझने ही मूळ कल्पना विकत घेऊन वाढवली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला व्ही-10 आणि ब्लर या सायकलींत आणली.

आता तो अदृश्य बिंदू. फ्रेमला जोडलेल्या दोन्ही दांड्यांवरून सरळ रेषा पुढे वाढवा. त्या जिथे छेदतील, त्या बिंदूभोवती त्या क्षणी मागचं चाक फिरत असतं. सायकल थोडी दबली की दांड्यांचा कोन बदलतो, रेषा बदलतात, बिंदू सरकतो. अभियंता कागदावर दांडीचा एक सांधा दोन मिलिमीटर हलवतो आणि हवेतला हा बिंदू हातभर इकडचा तिकडे जातो. दोन सायकलींमधला सगळा स्वभावभेद या सरकण्यात आहे.

साखळीची ओढ

पेडलवर जोर दिला की सायकल पुढे झेपावते आणि आपलं वजन मागे पडतं. मागचं सस्पेन्शन दबतं. प्रत्येक पेडलगणिक असं होत राहिलं तर पायांची ताकद वर-खाली डोलण्यातच जाईल. पण साखळीही त्याच वेळी चाकाला ओढत असते. हवेतला बिंदू योग्य उंचीवर ठेवला तर साखळीची ही ओढ चाकाला खाली दाबते आणि वजनामुळे येणारं दबणं तिथेच रोखलं जातं. कुठलीही कळ नाही, बॅटरी नाही. दोन बल एकमेकांसमोर उभी राहतात आणि सायकल शांत राहते. मला या यंत्रातलं सर्वात सुंदर काही वाटत असेल तर ते हे.

मात्र हा समतोल फुकट मिळत नाही. साखळीचा धाक जितका जास्त, तितकं पेडल मारताना सस्पेन्शन ताठ आणि दगडांबाबत थोडं कमी हळवं. व्हीपीपीच्या सायकली चढावर घट्ट, तत्पर वाटतात. लांब डांबरी चढावर त्यांचं हे वागणं सुखाचं असतं. हॉर्स्ट लिंकच्या सायकली साधारणपणे जास्त मोकळ्या असतात. गोट्यांनी भरलेल्या चढावर त्यांचं मागचं चाक खाचखळग्यांत उतरत, पकड न सोडता जातं.

हवेची स्प्रिंग, तेलाचा लगाम

दांड्या चाकाची वाट ठरवतात. आदळण्याची ऊर्जा मात्र शॉक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनमधला धक्काशोषक, पचवतो. 75 किलोचा माणूस आणि 15 किलोची सायकल अर्ध्या मीटरवरून खाली उतरली तर सुमारे 440 ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. शॉकमध्ये कोंडलेली हवा ती क्षणभर साठवते. हा दाब अनेकदा 200 पीएसआयच्या आसपास असतो, मोटारीच्या टायरच्या सहापट. पण साठवलेली ऊर्जा तशीच परत आली तर सायकल आपल्याला उडवून लावेल. म्हणून आत तेल असतं. पिस्टनमधल्या बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांतून ते जबरदस्तीने ढकललं जातं आणि आदळणं उष्णतेत बदलतं. लांब उतार संपल्यावर शॉकला हात लावा, तो कोमट लागेल. डोंगराची उंची तिथे ऊब होऊन बसलेली असते.

चाक साधारण अडीच मिलिमीटर हललं की शॉकचा पिस्टन एक मिलिमीटर हलतो. एवढ्या छोट्या धावेत सुरुवातीला लोण्यासारखी मऊ आणि शेवटी भिंतीसारखी कडक स्प्रिंग हवी असते. स्टंपजम्पर 15 मध्ये फॉक्स कंपनीसोबत बनवलेला जीनी नावाचा शॉक आहे. त्यात हवेच्या दोन खोल्या असतात. धावेच्या पहिल्या 70 टक्क्यांत दोन्ही खोल्या उघड्या राहतात, म्हणून चाक लहानशा खड्यालाही दाद देतं. शेवटच्या 30 टक्क्यांत बाहेरची खोली बंद होते, हवा एकदम आक्रसते आणि तळाला आदळणं टळतं. हायटॉवर हाच चढता प्रतिकार बऱ्याच अंशी दांड्यांच्या भूमितीतून मिळवते. एकच प्रश्न, एकीने हवेला विचारला आणि दुसरीने भूमितीला.

या सगळ्याला अर्थ येतो तो सॅगमुळे. सायकलवर नुसतं बसल्यावर सस्पेन्शन आपल्या धावेच्या 25 ते 30 टक्के दबलं पाहिजे. 145 मिलिमीटरचे 30 टक्के म्हणजे साधारण 43. हवेतला बिंदू अभियंत्याने आखला आहे तो याच स्थितीसाठी. हवा जास्त भरली तर बिंदू चुकीच्या जागी राहतो आणि लाखोंची सायकल खडबडीत वागते. पाणी, हेल्मेट, पाठपिशवी घेऊन पूर्ण वजनाने बसून, शॉकवरची रबरी कडी सरकवून हे मोजायला दहा मिनिटं लागतात.

शिवालिकची कसोटी

आता या ज्ञानाला चंदीगडची परिस्थिती लावू. इथल्या टेकड्यांत घाणेरी माजली आहे आणि कीकर-खैराचे काटे वाटेवर पडलेले असतात. टायर ट्युबलेसच हवा आणि त्यात सीलंट ताजं हवं. ही गोष्ट दोन्ही सायकलींना सारखीच लागू.

उन्हाळ्यात पिठासारखी बारीक धूळ, पावसाळ्यात चो, म्हणजे इथले पावसाळी ओढे, दुथडी भरून वाहतात. दोन्ही ऋतू बेअरिंगचे शत्रू, आणि चार दांड्यांच्या यंत्रणेत बेअरिंग पुष्कळ. इथे सांताक्रूझचं पारडं जड आहे. खालच्या लहान दांडीला ग्रीस भरण्याची सोय आहे आणि पहिल्या मालकाला सस्पेन्शनची बेअरिंग आयुष्यभर विनामूल्य बदलून देण्याचं कंपनीचं वचन आहे. ते भारतात कसं पाळलं जाईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

स्टंपजम्पर 15 च्या कार्बन फ्रेममध्ये गिअरच्या तारेला मार्गच ठेवलेला नाही, गिअर बिनतारीच बसतो. रोज घरी परतणाऱ्याला काही अडचण नाही. पण स्पितीकडे आठवडाभर निघणाऱ्याला प्रत्येक मुक्कामी चार्जिंगचा विचार करावा लागेल. तार हवी असेल तर तिचीच ॲल्युमिनियमची आवृत्ती घ्यावी. हायटॉवरच्या फ्रेममध्ये तारेची वाट आहे.

उलट बाजूने, स्टंपजम्परमध्ये हँडलखालचा कप बदलून पुढच्या फोर्कचा कोन साधारण 63.5 ते 65.5 अंशांच्या दरम्यान हलवता येतो. मोरनीच्या वळणदार पायवाटांना उभा कोन, हिमाचलच्या खड्या उतारांना पडता कोन. एकाच सायकलीत दोन स्वभाव मिळतात.

राहिला पैसा. सर्वात वरच्या श्रेणीतली स्टंपजम्पर अमेरिकेतच सुमारे 12 हजार डॉलरला विकायला आली, म्हणजे दहा लाख रुपयांच्या घरात. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने सायकलींवरची आयात-जकात 30 वरून 35 टक्के केली. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा. चंदीगडहून शंभर किलोमीटरवर लुधियाना आहे. तिथल्या हीरो सायकल्सने 1956 मध्ये सुरुवात केली आणि 1986 मध्ये जगातली सर्वात मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात नाव नोंदवलं. ज्या पट्ट्याने देशाला सायकलवर बसवलं, त्याच पट्ट्यातल्या कारागिरांच्या हातून एक दिवस अशी चार दांड्यांची सायकल बाहेर पडावी, असं मला मनापासून वाटतं.

या किमती पाहता सर्वात वरची श्रेणी घेण्याचा आग्रह धरू नये. हवेतला बिंदू महागड्या आणि त्याहून बऱ्याच स्वस्त श्रेणीतही त्याच जागी असतो, कारण फ्रेमची भूमिती तीच असते. वरच्या श्रेणीत वजन उतरतं आणि गिअर अधिक नाजूकपणे पडतात. वाचलेल्या पैशांत उत्तम टायर, शॉक पंप आणि शॉकची दरवर्षीची सर्व्हिस सहज बसते.

निवाडा

ज्याचं सायकल चालवणं मुख्यतः चंदीगडच्या परिसरात आहे, म्हणजे मोरनीच्या टेकड्या, चोंच्या कडेने जाणाऱ्या वाटा, छोटे पण सैल गोट्यांचे चढ, त्याने स्टंपजम्पर 15 घ्यावी, तीही ॲल्युमिनियमची. या मातीत पकड हीच सगळ्यात मोठी गरज आहे, आणि मोकळी हॉर्स्ट लिंक अधिक दोन खोल्यांचा शॉक ती गरज नेमकी भागवतात. ज्याची सुट्टी कसौली, शिमला आणि त्यापलीकडच्या उंच डोंगरांत जाते, जो तासन् तास चढतो, आडगावी मुक्काम करतो आणि मग लांब उतार घेतो, त्याने हायटॉवर घ्यावी. तिची चढावरची शिस्त, तारेचा गिअर आणि बेअरिंगचं वचन तिथे कामाला येईल. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्या मराठी वाचकानेही हाच क्रम ठेवावा: आधी आपल्या वाटेवरची माती हातात घेऊन पाहावी, मग आपला चढ मोजावा आणि सायकलीचं नाव शेवटी ठरवावं.

सुखना अभयारण्याच्या जंगलात पाऊल टाकण्याआधी वन विभागाची परवानगी घ्या आणि तिथे सायकल नेता येते का हे विचारून घ्या. आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या टेकडीवर दोन दिवस चाक घालू नका. चाकाच्या चरीतून पाणी वाहतं, पाण्यासोबत माती वाहते आणि ती सुखनात जाऊन बसते.